एकोणिसाव्या शतकातील शाई आणि वॉशचे ग्रामदृश्य: तपासावे कसे, ओळखावे कसे, जपावे कसे

वहीच्या पानाएवढा कागद, त्यावर तपकिरी शाईने रेखलेली दोन-तीन मोठी झाडे, गवताने शाकारलेले घर, ओढ्यावरचा लाकडी पूल, पाठीमागे फिकट होत गेलेल्या टेकड्या आणि या साऱ्यावर पाणी घालून पातळ केलेल्या शाईचे थर, म्हणजेच वॉश. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी ग्रामदृश्यांचा हा अगदी नेहमीचा प्रकार आहे. अशी चित्रे लिलावांच्या याद्यांत, जुन्या वस्तूंच्या बाजारात आणि क्वचित वारशाने आलेल्या पेट्यांतही सापडतात. ती हाती आली की बहुतेकांचे लक्ष प्रथम कोपऱ्यातल्या सहीकडे किंवा मागे पेन्सिलीने लिहिलेल्या नावाकडे जाते, आणि एकदा ते नाव मनात बसले की पुढची सगळी तपासणी त्याला पुरावे जोडण्यात खर्ची पडते. म्हणून येथे सुचवलेला क्रम उलटा आहे. आधी कागद, मग शाई, मग वॉश, मग दृश्य, मग मागची बाजू, आणि नाव सर्वांत शेवटी.

या क्रमामागे एक ऐतिहासिक कारण आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये चित्रकला हा केवळ चित्रकारांचा व्यवसाय नव्हता. सुशिक्षित घरांतील मुलामुलींना ती शिकवली जाई आणि लष्करी अधिकाऱ्यांना ती यावीच लागे. जॉन व्हार्ली, डेव्हिड कॉक्स, पीटर डी विंट यांसारखे नामांकित चित्रकार शिकवण्या करीत, आणि शिष्य गुरूची चित्रे समोर ठेवून त्यांच्या नकला करीत. ईस्ट इंडिया कंपनीने १८०९ साली लंडनजवळ ॲडिस्कम येथे जी लष्करी प्रशिक्षणशाळा काढली, तिच्या अभ्यासक्रमातही चित्रकला होती, आणि तेथून बाहेर पडलेले अनेक तरुण मुंबई इलाख्यात आले. पश्चिम घाट, दख्खनची गावे, नदीकाठची देवळे यांची वॉशमधील जी चित्रे आज आढळतात, त्यांतील कित्येकांच्या मागे हे शिक्षण आहे. तात्पर्य, चांगल्या सरावाने काढलेले पण अनामिक चित्र हा येथील नियम आहे आणि थोर चित्रकाराचे चित्र हा अपवाद.

तपासणीपूर्वीची तयारी

स्वच्छ, कोरडे, रिकामे टेबल घ्यावे आणि त्यावर पांढरा टीपकागद अंथरावा. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत. कागदाच्या कडा नीट जाणवाव्यात म्हणून स्वच्छ उघडे हात जाड सुती हातमोज्यांपेक्षा बरे. जवळपास चहा, पाणी, बॉलपेन यांपैकी काही नसावे. नोंदी पेन्सिलीनेच कराव्यात. दहापट मोठे दाखवणारे भिंग, मिलिमीटरच्या खुणांची पट्टी आणि लहान टॉर्च एवढी साधने पुरतात. काहीही हलवण्याआधी चित्राची पुढून, मागून आणि फ्रेमसहित छायाचित्रे घ्यावीत.

चित्र फ्रेममध्ये असेल, तर मागचा कागद फाडण्यापूर्वी त्यावरची प्रत्येक चिठ्ठी, शिक्का आणि क्रमांक टिपून घ्यावा. फ्रेम काचेची बाजू खाली करून ठेवावी आणि मागचे खिळे हलक्या हाताने काढावेत. चित्र काचेला चिकटलेले आढळले तर तेथेच थांबावे आणि फ्रेम तशीच बंद करून कागद-जतनाच्या तज्ज्ञाकडे न्यावी; ओढून काढताना शाईचा थर काचेवरच राहतो आणि ते नुकसान कोणालाही भरून काढता येत नाही.

चित्र की छापील प्रत?

सर्वांत अधिक फसगत येथे होते, कारण वॉशसारखी दिसावी अशीच कित्येक छपाईतंत्रे त्या काळात विकसित झाली. सतराव्या शतकातील फ्रेंच निसर्गचित्रकार क्लोद लोरँ याच्या शाई-वॉशच्या चित्रांवरून रिचर्ड अर्लम याने केलेली तपकिरी शाईतील मुद्रिते १७७७ पासून प्रसिद्ध झाली आणि एकोणिसाव्या शतकातही त्यांची छपाई चालू राहिली. इंग्रजी निसर्गचित्रकार टर्नरने १८०७ ते १८१९ या काळात काढलेली ‘लीबर स्टुडिओरम’ ही मालिकाही तपकिरी शाईतच छापलेली आहे. फ्रेममधल्या काचेआड ही मुद्रिते पाहणाऱ्याला ती हाताने काढलेली चित्रे वाटतात.

भिंगाखाली मात्र फरक स्पष्ट होतो. हाताने दिलेल्या वॉशमध्ये रंग कागदाच्या तंतूंत मुरलेला असतो, थराच्या कडेला पाणी जेथे वाळले तेथे गडद किनार उमटलेली असते, आणि खरखरीत कागदाच्या खोलगट भागांत कण अधिक साचलेले दिसतात. ॲक्वाटिंटमध्ये, म्हणजे धातूच्या पत्र्यावरून वॉशसारख्या छटा छापण्याच्या तंत्रात, अगदी बारीक पांढऱ्या बेटांभोवती शाईचे जाळे दिसते. शिलामुद्रणात शाई सपाट आणि दाणेदार असते. शतकाच्या अखेरच्या छायायांत्रिक छपाईत ठरावीक अंतरावरचे ठिपके किंवा नागमोडी सुरकुत्यांसारखी जाळी आढळते. शिवाय धातूच्या पत्र्यावरून छापलेल्या प्रतीला चारही बाजूंनी दाबाची चौकट उमटलेली असते, पण ही चौकट कापून टाकलेली असू शकते, म्हणून ती न दिसणे हा पुरावा मानू नये. कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले या मुंबई सैन्यातील अधिकाऱ्याने १८२६ ते १८३० दरम्यान पश्चिम भारताच्या दृश्यांचा जो संच लंडनमध्ये प्रसिद्ध केला, त्यातील पाने ॲक्वाटिंटने छापून वर हाताने रंगवलेली आहेत. अशा पानावर भिंगातून कुंचल्याचा खरा रंग दिसतो आणि खाली छपाईचे दाणेही दिसतात. म्हणून एकाच ठिकाणी पाहून निर्णय देऊ नये. आकाश, सावली आणि रेषा या तिन्ही ठिकाणी भिंग फिरवावे.

कागद वाचणे

चित्र दोन्ही हातांनी कडांना धरून खिडकीच्या उजेडासमोर क्षणभर धरावे, किंवा कागद अशक्त असेल तर टेबलावरच ठेवून त्याखाली पातळ प्रकाशपाटी सरकवावी. आरपार उजेडात जवळजवळ बसलेल्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या ठळक रेषा दिसल्या, तर तो लेड कागद. काहीच रेषा न दिसता सगळीकडे सारखा पोत दिसला, तर तो वोव्ह कागद. वोव्ह कागद जेम्स व्हॉटमन याने केंट परगण्यातील मेडस्टन येथे १७५०च्या दशकात बनवला आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी जलरंगकारांचा तो आवडता कागद झाला. वॉशला तो का मानवला हे उघड आहे: रेषांचा खडबडीतपणा नसल्यामुळे पातळ थर अडखळत नाही.

यानंतर वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली आणि आरपार उजेडात दिसणारी खूण, शोधावा. इंग्लंडमध्ये १७९४ च्या कायद्याने निर्यात होणाऱ्या कागदावरील करपरतावा वॉटरमार्कातील वर्षाशी जोडला, आणि त्यामुळे तेव्हापासून कागदात वर्ष घालण्याची प्रथा पडली. आपल्याला हा मोठाच लाभ आहे. मोठा ताव कापून लहान चित्रे काढली जात असल्याने बहुधा पूर्ण अक्षरे मिळत नाहीत. कडेला ‘मन’ एवढाच उच्चाराचा तुकडा आणि त्याखाली वर्षाचे पहिले दोन आकडे उरलेले असतात, तरीही ते टिपून ठेवावेत. साधारण १८०६ नंतर व्हॉटमनचे नाव दोन वेगळ्या गिरण्या वापरत होत्या: नावापुढे टर्की मिल असे लिहिलेले असेल तर तो हॉलिंगवर्थ बंधूंचा कागद, आणि नुसतेच व्हॉटमन असेल तर बहुधा विल्यम बॉल्स्टनच्या स्प्रिंगफील्ड गिरणीचा.

वॉटरमार्कातील वर्षाचा अर्थ मर्यादित आहे, हे येथे आग्रहाने सांगावेसे वाटते. चित्र त्या वर्षापूर्वीचे नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. कागद पाच वर्षे पडून राहिलेला असू शकतो, भारतात समुद्रमार्गे येऊन आणखी काही वर्षांनी वापरला गेलेला असू शकतो, आणि फसवणूक करणाऱ्याने जुन्या हिशेबवहीतील कोरे पानही फाडून घेतलेले असू शकते. या शेवटच्या शक्यतेची एक चांगली चाचणी आहे. कागदाला जिलेटिनचा सरस आणि तुरटी देऊन शाई न फुटण्याजोगा केलेला असतो. दीडशे-दोनशे वर्षांत हा सरस जागोजागी निकामी होतो. म्हणून अलीकडे जुन्या कागदावर ओढलेली रेषा भिंगाखाली केसाळ, पसरलेली दिसते. तसेच शाई कसरीने खाल्लेल्या छिद्राच्या आतल्या कडेवर उतरलेली किंवा घडीच्या भेगेत शिरलेली आढळली, तर छिद्र आणि भेग आधीची आणि चित्र नंतरचे, हे निश्चित होते.

कागद पिवळट-तपकिरी आणि ठिसूळ झाला असेल व कडा बोटांनी तुटत असतील, तर त्यात लाकडाचा लगदा असण्याचा संभव मोठा. तशा लगद्याची कृती १८४०च्या दशकात पुढे आली आणि तिचा प्रसार शतकाच्या उत्तरार्धात झाला. अशा कागदावर १८२० हे साल लिहिलेले असेल तर त्यावर विश्वास ठेवता येणार नाही.

शाई आणि लेखणी

शाईचे चार प्रकार लक्षात ठेवावेत. माजूफळ, हिराकस आणि डिंक यांपासून केलेली लोहशाई ओढल्यानंतर काळपट होते आणि काळाने तपकिरी होते. बीचच्या लाकडाच्या चुलीतील काजळी उकळून केलेली बिस्टर शाई पिवळसर-तपकिरी आणि किंचित कणीदार असते. सेपिया हा कटलफिश या समुद्री जीवाच्या शाईच्या पिशवीपासून मिळणारा रंग अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लोकप्रिय झाला. चौथी चिनी शाई, म्हणजे काजळ आणि सरस यांची कांडी, जी पाण्यात उगाळून वापरतात. तिचा करडा-काळा रंग उजेडाने उडत नाही.

यांपैकी चिनी शाई डोळ्यांनी बहुधा ओळखता येते. उरलेल्या तीन तपकिरी शाया नुसत्या पाहून वेगळ्या करणे धोक्याचे आहे, आणि म्हणूनच जबाबदार संग्रहालये आपल्या पाटीवर ‘तपकिरी शाई, तपकिरी वॉश’ एवढेच लिहितात. लोहशाईची मात्र एक खूण आहे: ती आम्लधर्मी असल्याने कागद खाते. चित्र उलटे करून पाहिल्यास जेथे शाई दाट आहे तेथे मागे तपकिरी सावली उमटलेली असते, आणि फार झाले तर रेषेच्या जागी कागदाला बारीक चीर गेलेली असते. जतन प्रयोगशाळेत अवरक्त प्रकाशात पाहिले असता चिनी शाई काळीच राहते, तर लोहशाई फिकट होत जाते. त्यामुळे दोन शायांनी दोन वेगळ्या वेळी काम झाले आहे का, हेही कळते.

लेखणीची जात रेषेवरून ओळखावी. पिसाच्या लेखणीची रेषा दाबाबरोबर मऊपणे जाड-बारीक होते. बोरूची रेषा बोथट, आखूड, आणि शाई संपत आली की सुकी व तुटक होते. पोलादी निब १८२०च्या दशकापासून बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर बनू लागली. जोर दिला की तिची दोन टोके फाकतात आणि कागदावर दोन समांतर ओरखडे राहतात. तिरप्या उजेडात भिंग धरले की हे ओरखडे स्वच्छ दिसतात. त्याआधीचे साल घातलेल्या चित्रात ते आढळले, तर त्या सालाविषयी शंका घ्यावी.

वॉशचे थर उलगडणे

या प्रकारच्या चित्रातील सर्वांत पांढरी जागा म्हणजे कोरा कागद असतो. चित्रकार उजेड रंगवत नाही, तो राखून ठेवतो. त्यामुळे कामाचा क्रम फिकटाकडून गडदाकडे जातो, आणि थर कोणत्या क्रमाने चढले हे शोधून काढणे हाच तपासणीतील खरा आनंदाचा आणि सर्वाधिक उपयोगाचा भाग आहे.

सुरुवात दूरच्या टेकड्यांपासून करावी. तेथे साधारणतः एकच थर असतो, आणि तो खाली उतरत मधल्या झाडांच्या आणि पुढच्या जमिनीच्या खालूनही गेलेला असतो. दुसऱ्या थराने झाडांचे पुंजके, छपराची सावलीची बाजू आणि वाटेचा खोलगट भाग दाखवलेला असतो. तिसरा, सर्वांत दाट थर पुढच्या भागातील झुडपांना, ओढ्याच्या काठाला आणि दाराच्या काळोखाला मिळतो. दोन थर जेथे एकमेकांवर येतात तेथे भिंग ठेवून खालच्या थराची कडा शोधावी. कडा तीक्ष्ण असेल तर पहिला थर पूर्ण वाळू दिला होता. ती विरघळलेली असेल तर चित्रकाराने ओल्यावर ओले काम केले आहे. कुशल हाताचे लक्षण असे की उजळ छपराभोवतीचा गडद थर एका श्वासात फिरवलेला असतो आणि कडेवर डागडुजी नसते. नकलेत मात्र थर सावधपणे, रेषेला धरून भरलेला असतो, आणि पेन्सिलीची पूर्ण तयार बाह्यरेषा खाली दिसते.

रेषा आधी की वॉश आधी, हेही पाहावे. वॉश नंतर दिला असेल तर पाण्याने रेषा किंचित विरघळून तिच्याभोवती छटा पसरते. वाळलेल्या वॉशवर ओढलेली रेषा मात्र कडक आणि वर बसलेली दिसते. इंग्रजी निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलने आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत स्टाउर नदीकाठची जी सेपिया वॉशची चित्रे केली, त्यांत लेखणीने बांधलेली बाह्यरेषा जवळजवळ नाहीच. झाडे आणि पाणी कुंचल्याच्या गडद-उजळ डागांतूनच उभे राहतात. त्यांतील दोन चित्रे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

दुसरे टोक सॅम्युएल पामर या इंग्रजी चित्रकाराचे. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात त्याची १८२५ सालची, म्हणजे विशीतली, सहा सेपिया चित्रे आहेत. त्यांतील धान्याने भरलेल्या दरीचे चित्र जेमतेम १८ बाय २७ सेंटिमीटरचे आहे, पण त्यात कणसांच्या मधोमध पहुडलेला पुस्तक वाचणारा माणूस, पूर्ण चंद्र, गुरे-मेंढरे, चर्चचा मनोरा असे सगळे काही ठासून भरलेले आहे. पामरने तपकिरी शाईत डिंक मिसळला आणि वर वार्निशचा हात दिला, म्हणून पृष्ठभाग दाट आणि चकाकता आहे. असा चकाकता थर दिसला की तो घाण समजून पुसायला जाऊ नये.

पांढरा रंग वापरलेला असेल तर त्याचीही चौकशी करावी. विन्सर अँड न्यूटन या कंपनीने जस्ताचा ‘चायनीज व्हाइट’ १८३४ साली बाजारात आणला. तो पांढराच राहतो. त्याआधीचा शिशाचा पांढरा शहरी हवेतील गंधकामुळे काळा पडतो, त्यामुळे जुन्या चित्रात चंद्राची कोर किंवा मेंढीची पाठ विचित्र काळपट दिसू शकते. तसेच नीळ आणि तांबडी माती मिसळून केलेला करडा वॉश आकाशासाठी फार वापरला जाई. उजेडाने नीळ उडते आणि तांबडे तेवढे उरते, म्हणून संध्याकाळ नसतानाही आकाश गुलाबीसर दिसते. माऊंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, खाली झाकलेली चित्राची किनार पाहिली की मूळ करडा रंग सापडतो, आणि चित्र किती उडाले आहे याचे तेच सर्वांत विश्वासार्ह माप आहे.

दृश्याची साक्ष

दृश्यावरून ठिकाण ठरवण्याची घाई करू नये, कारण अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम गिल्पिन या इंग्रजी लेखक-चित्रकाराने रूढ केलेल्या पद्धतीनुसार पुढे गडद झाड, मध्ये उजळ पाणी आणि मागे फिकट डोंगर ही मांडणी कित्येकदा कल्पनेनेच केली जाई. खऱ्या ठिकाणाचे चित्र बहुधा काहीतरी अडनिडे दाखवते: मांडणीला नको असलेले कुंपण, मध्येच आलेला चुन्याचा भट्टा, शेंडा छाटलेली विलोची रांग. चर्चचा मनोरा, पवनचक्कीची घडण, पुलाच्या कमानी यांवरून गाव शोधता येते. कापणी विळ्याने चालली आहे की यंत्राने, दूरवर तारेचे खांब किंवा रेल्वेचा भराव आहे का, या गोष्टी कालावधी आखून देतात. दख्खनचे दृश्य असेल तर मोटेची विहीर, कडब्याची गंजी, घराचे धाबे की कौलारू छप्पर हे नीट पाहावे. हाताखालच्या सवयीने इंग्रजी ओकसारखा काढलेला वड आढळला, तर चित्रकार नुकताच आलेला असावा किंवा चित्र परत गेल्यावर आठवणीने पुरे केले असावे, असा तर्क करता येतो.

मागची बाजू आणि अखेर नाव

मागचे लिखाण कोणत्या हाताचे आणि कोणत्या शाईचे, हे स्वतंत्रपणे नोंदवावे. गावाचे नाव आणि तारीख चित्राच्याच शाईत असेल तर तिला वजन आहे. पेन्सिलीतील मोठे नाव आणि किंमत ही बहुधा नंतरच्या विक्रेत्याची असते. जॉर्ज चिनरी या इंग्रजी चित्रकाराने १८०२ ते १८२५ या काळात भारतात, विशेषतः बंगालमधील खेड्यांत, झोपड्या, गुरे आणि पडक्या इमारतींची असंख्य रेखाटने केली, आणि त्यांच्या कडेला गर्नी पद्धतीच्या लघुलेखनात टिपा लिहिल्या. म्हणून न वाचता येणाऱ्या वेलांट्या दिसल्या तर त्या निरर्थक खुणा समजू नयेत. कोपऱ्यात लहानसा उमटवलेला शिक्का असेल तर तो संग्राहकाची मुद्रा असू शकतो. फ्रिट्स लुग्ट यांनी १९२१ साली सुरू केलेली अशा मुद्रांची सूची आज इंटरनेटवर मोफत पाहता येते.

आता नावाकडे यावे. डॉ. थॉमस मनरो हे लंडनचे वैद्य तरुण टर्नर आणि जलरंगकार गर्टिन यांचे आश्रयदाते होते, आणि स्वतः अठराव्या शतकातील इंग्रजी चित्रकार गेन्सबरोच्या धाटणीत चिनी शाईची कांडी आणि करडा वॉश वापरून झाडे, वाटा आणि झोपड्यांची शेकडो दृश्ये काढीत. ती चित्रे वारंवार गेन्सबरोची म्हणून विकली गेली आहेत. कॉन्स्टेबलच्या धाकट्या मुलाची, लायनेलची, कितीतरी निसर्गचित्रे वडिलांच्या नावावर होती आणि १९७०च्या दशकातील संशोधनानंतर ती त्याच्याकडे परत आली. म्हणून तुलना करताना त्या चित्रकाराचे गाजलेले चित्र घेऊ नये. त्याच वर्षांतील, त्याच साधनांतील, सही असलेली साधी रेखाटने संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर शोधावीत आणि पानांचे गुच्छ, गवताचे फटकारे, माणसांच्या आकृतींचे संक्षेप यांची जोडीजोडीने तुलना करावी. सवयीने, विचार न करता काढलेल्या जागीच हात ओळखू येतो. लिलावाच्या यादीत नुसते नाव असणे, ‘श्रेय दिलेले’ असणे, ‘वर्तुळातील’ असणे आणि ‘च्या नंतर’ असणे या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि शेवटच्या शब्दाचा अर्थ नक्कल एवढाच असतो. पुरावा अपुरा असेल तेव्हा ‘इंग्रजी चित्रकार, साधारण १८३०’ ही नोंद पूर्णपणे सन्माननीय आहे.

आपल्या हवामानात जतन

कोकणपट्टीवर आणि मुंबईत कागदाचा मुख्य शत्रू दमटपणा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी. ती ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली की बुरशीला आणि फॉक्सिंग नावाच्या तांबूस ठिपक्यांना अनुकूल होते. म्हणून पावसाळ्यात चित्र बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, आणि इतर काळातही फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे किंवा रबराचे तुकडे लावून भिंतीपासून अंतर राखावे. उजेड ५० लक्सच्या आसपास असावा, सूर्यप्रकाश थेट पडू नये, आणि वर्षातील तीन-चार महिने लावून उरलेला काळ चित्र खोक्यात विसावू द्यावे.

माऊंट कापसाच्या तंतूंच्या, आम्लमुक्त पुठ्ठ्याचा असावा. जुन्या माऊंटच्या कापलेल्या कडेला तपकिरी पट्टा दिसत असेल तर तो पुठ्ठा आम्लधर्मी आहे आणि बदललाच पाहिजे. मात्र त्यावर लिखाण असेल तर तो टाकून न देता वेगळा जपावा. चित्र पुठ्ठ्याला वरच्या बाजूने जपानी कागदाच्या दोन लहान पट्ट्यांनी, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावावे, कारण ती खळ पुढे पाण्याने सुटते. सेलोटेप, फेव्हिकॉल, दुहेरी चिकटपट्टी यांचा कागदाला स्पर्शही होऊ देऊ नये. काच आणि कागद यांच्यामध्ये माऊंटच्या जाडीएवढी पोकळी हवी.

लॅमिनेशन कधीही करू नये. ते परत काढता येत नाही. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला खोक्यात घालण्याची आपली घरगुती सवयही येथे सोडावी, कारण गोळ्यांची वाफ कागदावर बसते आणि पाल्याचे डाग पडतात. कसर टाळण्याचा खरा उपाय कोरडी, झाडलेली जागा आणि दर महिन्याला उघडून पाहणे हा आहे. ठिपके घालवण्यासाठी ब्लीच, रेषा उजळण्यासाठी पाणी, मळ काढण्यासाठी पावाचा चुरा असले प्रयोग करू नयेत. लोहशाईचे विरघळलेले घटक पाण्याबरोबर शेजारच्या कागदात पसरतात आणि नवे नुकसान करतात. बुरशी लागलेले, फाटलेले किंवा शाईने चिरलेले चित्र जतनतज्ज्ञाकडेच द्यावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचे कलाजतन केंद्र आहे, आणि कामापूर्वी लेखी स्थिती-अहवाल मागणे हा मालकाचा हक्क आहे.

तपासणी संपल्यावर एका कागदावर मापे, कागदाचा प्रकार, वॉटरमार्कचे रेखाटन, शाई आणि वॉशचे वर्णन, मागचे लिखाण जसेच्या तसे, नुकसानाच्या जागा आणि खरेदीची पावती यांची तारखेसह नोंद करावी आणि ती चित्राच्या खोक्यात, पण चित्राला न लागता, ठेवावी. चित्र परदेशी विक्रीला किंवा नातेवाइकांकडे पाठवण्याचा विचार असेल, तर १०० वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या निर्यातीवर १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याची बंधने आहेत. म्हणून पार्सल बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मंडळ कार्यालयात ही नोंद आणि छायाचित्रे घेऊन जावे.